विम्याची तक्रार: हैदराबाद, पुणे की वसमत?

वसमत तालुक्यातल्या हट्टा मंडळात सोयाबीनचा पीकविमा कमी आला, तर त्याची तक्रार हैदराबादच्या विमा नियामकाकडे पाठवून हाती काही लागत नाही. उलट याच गावात एखाद्या घरचा कर्ता माणूस गेला आणि ‘आजार लपवला होता’ म्हणत आयुर्विमा कंपनीने दावा फेटाळला, तर वसमतच्या कृषी कार्यालयात किंवा तहसीलला खेटे घालून उपयोग नाही. आपण दोन्हींना विमाच म्हणतो. दोन्हींकडे हप्ता भरलेला असतो, पावती असते, समोर कंपनी असते. पण त्या कंपनीचा कान धरण्याचा अधिकार दोन ठिकाणी निरनिराळ्या माणसांच्या हातात आहे. चुकीच्या दारात सहा-आठ महिने घालवले की बरोबर दाराची मुदत भरत आलेली असते, आणि कंपन्यांना हे आपल्यापेक्षा चांगले माहीत असते.

म्हणून आधी कुणाचा अधिकार कुठपर्यंत चालतो ते पाहू, मग अर्जाकडे वळू.

महाराष्ट्राचा स्वतःचा विमा नियामक नाही. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत विमा हा विषय केंद्राच्या यादीत, ४७ व्या नोंदीत आहे. त्यामुळे मंत्रालयात विमा आयुक्त नावाचे पद सापडणार नाही. अमेरिकेत गेलेल्या पुतण्याने फोनवर ‘काका, स्टेटच्या इन्शुरन्स कमिशनरकडे जा’ असा सल्ला दिला, तर तो त्याच्याकडचा आहे. तिथे प्रत्येक राज्याचा विमा आयुक्त वेगळा असतो आणि ती पद्धत न्यू हॅम्पशायरने १८५१ मध्ये सुरू केली. आपल्याकडे सगळ्या देशाला मिळून एकच नियामक आहे: भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरण. इंग्रजी आद्याक्षरांनी आयआरडीएआय, आणि एजंटांच्या बोलण्यात अजूनही ‘इर्डा’.

याची पाळेमुळे १९३८ च्या विमा कायद्यात आहेत. तेव्हा विमा नियंत्रक नावाचा सरकारी अधिकारी असे. १९ जानेवारी १९५६ रोजी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी आकाशवाणीवरून आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली, २४५ लहानमोठ्या संस्था सरकारच्या ताब्यात आल्या आणि त्याच वर्षी एलआयसी उभी राहिली. १९७३ पासून साधारण विमाही सरकारी झाला. विकणाराही सरकार आणि पाहणाराही सरकार, अशा काळात नियामकाला काम ते काय उरणार? खासगी कंपन्यांना पुन्हा दार उघडायचे ठरले तेव्हा हा प्रश्न समोर आला. रिझर्व्ह बँकेचे माजी गव्हर्नर आर. एन. मल्होत्रा यांच्या समितीने १९९४ मध्ये अहवाल दिला, १९९९ मध्ये कायदा झाला, २००० मध्ये प्राधिकरण कामाला लागले आणि पुढच्या वर्षी दिल्लीहून हैदराबादला गेले. एलआयसीही याच्याच नियमांखाली येते. सरकारी आहे म्हणून तिला सूट नाही.

प्राधिकरणाच्या हातात काय आहे

पुष्कळ आहे. कंपनीला नोंदणी देणे, ती स्थगित करणे, रद्द करणे. एजंट, दलाल संस्था आणि नुकसान मोजणारे सर्व्हेअर यांची पात्रता आणि वागण्याचे नियम ठरवणे. कंपनीची दप्तरे मागवणे, तपासणी आणि चौकशी करणे, लेखी निर्देश देणे. लोकांचे दावे भागतील एवढा पैसा कंपनीकडे शिल्लक आहे की नाही यावर नजर ठेवणे. गरज पडली तर वरच्या अधिकाऱ्याला खुर्चीवरून उठवणे. नियम मोडला की दंड करणे. २०१५ च्या दुरुस्तीने तो दिवसाला १ लाख आणि जास्तीत जास्त १ कोटी रुपये ठरवला होता. ग्रामीण भागात ठरवून दिलेला व्यवसाय कंपनीने केला नाही, तर त्याच दुरुस्तीत २५ कोटींपर्यंतच्या दंडाची तरतूद होती. शहरातल्या कंपन्यांचे प्रतिनिधी वसमत-हट्ट्यापर्यंत येतात त्यामागे धंद्याइतकीच ही सक्तीही आहे, असे मला वाटते.

यातला सर्वांत मोठा अधिकार क्वचितच वापरला जातो, पण वापरला की कळतो. सहारा इंडिया लाइफ इन्शुरन्सची अवस्था ढासळू लागली तेव्हा जून २०१७ मध्ये प्राधिकरणाने त्या कंपनीवर प्रशासक नेमला आणि पुढे नवा व्यवसाय घ्यायला बंदी केली. कंपनीचा कारभार आयसीआयसीआय प्रुडेन्शियलकडे सोपवण्याचा पहिला आदेश मुंबईच्या रोखे अपील न्यायाधिकरणाने रद्द ठरवला. म्हणजे नियामकाच्या डोक्यावरही कुणी आहे. पुढे २ जून २०२३ रोजी सुमारे २ लाख पॉलिसी एसबीआय लाइफकडे वर्ग करण्याचा आदेश निघाला, पण त्यालाही न्यायाधिकरणाने त्याच महिन्यात स्थगिती दिली.  आपल्या भागात सहाराच्या नावाने दोन प्रकारचे कागद घरोघरी असतात. आयुर्विम्याची पॉलिसी असेल तर ती सध्या कुणाकडे आहे याची चौकशी विमा प्राधिकरणाकडे करा. सहाराच्या सहकारी सोसायट्यांतली ठेव असेल, तर तिचा विमा प्राधिकरणाशी काडीचाही संबंध नाही. तिच्यासाठी केंद्राच्या सहकार निबंधकांचे परताव्याचे पोर्टल जुलै २०२३ मध्ये सुरू झाले आहे.

इतके सगळे अधिकार असूनही, तुमचा दावा खरा की कंपनीचा नकार खरा, याचा निवाडा प्राधिकरण करत नाही. ते कंपनीवर देखरेख ठेवते, पण तुमच्या भांडणात न्यायाधीश होत नाही. ‘विमा भरोसा’ या पोर्टलवर तक्रार नोंदवली की ती कंपनीकडे जाते, कंपनीने उत्तर दिले की नाही हे पाहिले जाते आणि तक्रारीची नोंद प्राधिकरणाच्या नजरेखाली राहते. काही तक्रारी एवढ्यानेच सुटतात, कारण नियामकाच्या वहीत नाव येणे कंपनीला नको असते. पण कंपनीने ‘आम्ही नकारावर ठाम आहोत’ असे कळवले, की तिथला रस्ता संपतो. पुष्कळ लोक इथेच थकून बसतात. पैसे देण्याचा हुकूम काढणारी दारे याच्या पुढे आहेत.

घड्याळ तुमच्या बाजूचे

मग प्राधिकरणाचा उपयोग काय? त्याने केलेले नियम. त्यात कंपनीच्या मागे घड्याळ लावलेले आहे आणि तक्रारीत त्या नियमाचा उल्लेख आला की उत्तराचा सूर बदलतो.

आयुर्विमा किंवा आरोग्यविम्याची पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत पटली नाही तर परत करता येते. त्या काळातल्या संरक्षणाचा खर्च, मुद्रांक आणि तपासणीचा खर्च वजा करून हप्ता परत मिळतो. ‘मुदत ठेव’ सांगून पॉलिसी गळ्यात मारलेल्यांनी या ३० दिवसांना जपावे. नंतर हे सिद्ध करणे फार अवघड जाते. मृत्यूच्या दाव्यात चौकशीची गरज नसेल तर १५ दिवसांत आणि चौकशी करायची असेल तर ४५ दिवसांत निकाल लागायला हवा. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दरापेक्षा २ टक्के जास्त व्याज द्यावे लागते. रुग्णालयात कॅशलेसची विनंती गेली की कंपनीने एका तासात आणि रुग्णाला घरी सोडताना अंतिम मंजुरीचा निर्णय तीन तासांत द्यावा, असे २०२४ च्या परिपत्रकात आहे. नांदेडला किंवा परभणीला दवाखान्याच्या काउंटरवर संध्याकाळपर्यंत बसवून ठेवले, तर हा नियम मोठ्याने म्हणून दाखवावा.

पॉलिसीबरोबर एक ग्राहक माहितीपत्रक मिळते. काय भरून मिळेल, काय मिळणार नाही, तक्रार कुठे करायची, हे सगळे त्या थोड्या पानांत असते. ते मराठीत मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. मागत मात्र कुणी नाही.

आता १९३८ च्या कायद्यातले ४५ वे कलम. गावाकडच्या आयुर्विम्याचे पुष्कळ वाद याच कलमाभोवती फिरतात. पॉलिसीला ३ वर्षे झाली की कोणत्याही कारणाने कंपनीला तिच्यावर बोट ठेवता येत नाही. आजार लपवला, माहिती चुकीची दिली, काहीही असो. तीन वर्षांच्या आत मात्र ती दावा नाकारू शकते. त्यातही माहिती चुकीची होती पण फसवणूक नव्हती असे ठरले, तर भरलेले हप्ते ९० दिवसांत परत करावे लागतात. शेतकऱ्याच्या घरी खरी मेख पुढे आहे. सोयाबीनचे पैसे उशिरा आले, हप्ता चुकला, पॉलिसी बंद पडली आणि नंतर ती चालू करून घेतली, तर हे तीन वर्षांचे मोजमाप चालू केल्याच्या तारखेपासून नव्याने सुरू होते. पंधरा वर्षे जुन्या पॉलिसीचा दावा ‘तीन वर्षे झाली नाहीत’ म्हणून नाकारला जातो तो यामुळे. पॉलिसी पुन्हा चालू करताना आरोग्याचा जो फॉर्म भरून घेतात, तो एजंटाला कोरा सही करून देऊ नका. बीपी आणि शुगरच्या गोळ्या चालू असतील तर तसे लिहा. त्याने हप्ता थोडा वाढेल, पण दावा टिकेल.

प्राधिकरणाच्या आणखी एका अधिकाराकडे या भागाने लक्ष द्यायला हवे. ते सगळ्या कंपन्यांना एकाच मसुद्याची पॉलिसी विकायला लावू शकते. १ एप्रिल २०२१ पासून घरासाठी ‘भारत गृह रक्षा’ ही अशी पॉलिसी प्रत्येक साधारण विमा कंपनीला ठेवावी लागते. आग, वीज, वादळ, पूर आणि भूकंप हे सगळे तिच्या मूळ संरक्षणात येते. वसमत तालुक्यात पांगरा शिंदे परिसराला जमिनीतून येणारे आवाज नवे नाहीत. २१ मार्च आणि १० जुलै २०२४ ला हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचे धक्के बसले. जुलै २०२२ मध्ये कुरुंद्यात घराघरांत पाणी शिरले होते. तरी पक्क्या स्लॅबच्या घराचा विमा काढलेला माणूस हुडकावा लागतो. ही पॉलिसी घेताना इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाखांपर्यंत, घरातल्या सामानाचा विमा आपोआप मिळतो. घराची रक्कम कमी लिहिली गेली म्हणून दाव्याला कात्री लावता येत नाही. भिंती मातीच्या असतील तर प्रस्तावात मातीच्या असेच लिहा. सिमेंटच्या लिहिल्या तर कंपनीला आयते कारण मिळते.

दावा नाकारला, आता?

पहिला अर्ज कंपनीच्याच तक्रार निवारण अधिकाऱ्याला. तोंडी नाही, फोनवर नाही. ई-मेल किंवा रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह. मजकूर मोठा लागत नाही, साधारण असा पुरतो:

‘माझी पॉलिसी क्रमांक अमुक, दिनांक अमुक पासून सुरू आहे. अमुक तारखेस दावा दाखल केला. आपल्या अमुक तारखेच्या पत्रात तो अमुक कारणाने नाकारला आहे. हे कारण मला मान्य नाही, कारण असे की… पॉलिसीच्या कोणत्या कलमानुसार दावा नाकारला ते कलम आणि त्याचा पुरावा लेखी द्यावा. दाव्याची रक्कम व विलंबाचे व्याज मिळावे. १४ दिवसांत समाधानकारक उत्तर न आल्यास विमा भरोसा आणि विमा लोकपाल यांच्याकडे दाद मागितली जाईल.’

१४ दिवस ही कंपनीला घालून दिलेली मुदत आहे. त्यानंतर विमा भरोसावर तक्रार नोंदवता येते. मोबाइलवरून जमत नसेल तर १५५२५५ किंवा १८००४२५४७३२ या मोफत क्रमांकांवर फोन करून नोंदवता येते. तक्रारीचा जो क्रमांक मिळेल तो लिहून ठेवा.

आणि मग विमा लोकपाल. माझ्या मते सामान्य माणसासाठी संपूर्ण व्यवस्थेतले सर्वांत कामाचे आणि सर्वांत कमी वापरलेले दार हेच आहे. हिंगोली जिल्ह्यासाठी लोकपालांचे कार्यालय पुण्यात, नारायण पेठेत न. चिं. केळकर रस्त्यावर जीवनदर्शन इमारतीत आहे. फी नाही. वकील लागत नाही, किंबहुना चालतच नाही. स्वतः किंवा वारसाने बोलायचे. तक्रार ऑनलाइन करता येते आणि सुनावणीही दूरदृश्य पद्धतीने होते, त्यामुळे पुण्याला जाण्याचा खर्च सहसा पडत नाही. २०२३ पासून ५० लाख रुपयांपर्यंतचे दावे तिथे चालतात. अट अशी की आधी कंपनीकडे लेखी तक्रार केलेली हवी, आणि कंपनीचा नकार आल्यापासून, किंवा महिनाभर उत्तरच न आल्यापासून, एक वर्षाच्या आत लोकपालांकडे जायला हवे. हे वर्ष फार लोकांच्या हातातून निसटते. साहेब बदलून येऊ द्या, दिवाळी होऊ द्या, असे म्हणता म्हणता.

दोन्ही बाजू तयार असतील तर लोकपाल आधी समेट करतात. नाही तर सगळी कागदपत्रे मिळाल्यापासून तीन महिन्यांत निवाडा देतात. निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नाही. नाही पटला तर तुम्ही पुढे जाऊ शकता. कंपनीने ३० दिवसांत पैसे दिले नाहीत तर दररोज ५,००० रुपये तक्रारदाराला द्यावे लागतात, आणि हा नियम पुन्हा हैदराबादचाच. अशा ठिकाणी नियामक आणि लोकपाल हे दोघे एकमेकांचे हात होतात.

जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ताही आहे. तिथे दोन वर्षांची मुदत मिळते, राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि ५ लाखांपर्यंत शुल्क नाही. हे ५ लाख भरलेल्या हप्त्याचे मोजतात, दाव्याचे नाही, त्यामुळे बहुतेक गावकऱ्यांची तक्रार फुकटच दाखल होते. २०२५ पासून ‘ई-जागृती’ पोर्टलवरूनही दाखल करता येते. पण निकालाला वेळ लागतो. मानसिक त्रासाची भरपाई हवी असेल, साक्षीपुरावे गुंतागुंतीचे असतील, किंवा रक्कम ५० लाखांपेक्षा मोठी असेल, तर ग्राहक आयोग. साधा, कागदावर स्पष्ट असलेला नकार असेल तर आधी लोकपाल. दोन्हीकडे एकदम जाऊ नये. आयोगात प्रकरण चालू असेल तर लोकपाल ते घेत नाहीत.

पीकविम्याचे मालक वेगळे

आता मुख्य गोष्टीकडे, कारण हट्ट्यात ‘विमा’ म्हटले की आधी सोयाबीनच आठवते.

प्रधानमंत्री पीक विमा योजना २०१६ च्या खरिपात सुरू झाली. तिच्यात भाग घेणाऱ्या कंपन्यांची नोंदणी विमा प्राधिकरणाकडे असते हे खरे. पण कोणते पीक, कोणते मंडळ, किती विमा रक्कम, कोणत्या कारणाला भरपाई, निविदा कोणाची, हे सगळे केंद्राच्या मार्गदर्शक सूचना आणि राज्य सरकारचा त्या हंगामाचा शासन निर्णय ठरवतो. पुण्याचे कृषी आयुक्तालय, हिंगोलीचे जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी, वसमतचे तालुका कृषी अधिकारी आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची तक्रार निवारण समिती, ही याची खरी उतरंड. पीकविम्यापुरते महाराष्ट्र सरकारच नियामकाच्या खुर्चीत बसलेले आहे, असे म्हटले तरी चालेल.

साधे उदाहरण हळदीचे. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण खरीप २०२५ च्या अधिसूचित पिकांच्या यादीत सोयाबीन, कापूस, तूर, मूग, उडीद आहेत, हळद नाही. विमा कंपनीला शिव्या देऊन हे बदलणार नाही आणि हैदराबादला पत्र पाठवूनही नाही. यादीत पीक घालण्याचा अधिकार राज्याचा आहे. ग्रामसभेचा ठराव, आमदारांचे पत्र आणि कृषी आयुक्तालयाकडे मागणी, या वाटेनेच तो प्रश्न जातो.

खरीप २०२३ मध्ये आलेली एक रुपयाची योजना खरीप २०२५ पासून बंद झाली. शेतकऱ्याचा हिस्सा पुन्हा खरिपाला विमा रकमेच्या २ टक्के, रब्बीला दीड टक्का आणि नगदी पिकांना ५ टक्के झाला. त्याहून मोठा बदल लोकांच्या लक्षात उशिरा आला. आधी शेतात पाणी साचले, गारपीट झाली, काढून ठेवलेले पीक भिजले की ७२ तासांत कळवून वैयक्तिक पंचनामा होत असे. २०२५ च्या खरिपात राज्याने ही कारणे वगळली आणि भरपाई केवळ पीक कापणी प्रयोगावर, म्हणजे मंडळाच्या सरासरी उत्पादनावर ठेवली. अशा हंगामात माझ्या रानात काय झाले, याला एकट्याने अर्थ नसतो. नियम हंगामागणिक बदलू शकतात, म्हणून दरवर्षी जूनमध्ये तालुका कृषी कार्यालयातून त्या वर्षाचा शासन निर्णय मिळवून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावा. गावातल्या एकानेही तो वाचला तरी पुष्कळ गैरसमज टळतील.

भरपाईचा हिशोब घरी करता येतो. आधीच्या सात वर्षांपैकी उत्तम पाच वर्षांची सरासरी घ्यायची आणि तिच्या ७० टक्के धरायचे; ते उंबरठा उत्पादन. चालू वर्षाचे मंडळाचे उत्पादन त्यापेक्षा कमी आले, तर जेवढे टक्के कमी तेवढे टक्के विमा रक्कम मिळते. समजा उंबरठा हेक्टरी १,००० किलो आहे आणि प्रयोगात ७०० किलो आले. तूट ३० टक्के. विमा रक्कम ५०,००० असेल तर हेक्टरी १५,०००. प्रयोगात १,०१० किलो आले तर शून्य, तुमच्या शेतात एक दाणा झाला नसला तरी.

म्हणजे सगळे काही कापणी प्रयोगासाठी शेतात रोवलेल्या चार काठ्यांमध्ये ठरते. तिथे गाव हजर असले पाहिजे. कोणत्या गटात प्रयोग आहे, कधी आहे, हे कृषी सहायकाला विचारा. गावपातळीवरची समिती समोर उभी राहावी, वजन डोळ्यांनी पाहावे, नोंदीच्या कागदाचा फोटो घ्यावा. कंपनीचा माणूस हजर राहतो, कारण त्याचे पैसे त्यावर ठरतात. आपण मात्र निकाल लागल्यावर मोर्चा काढतो. वेळ निघून गेली असेल तर माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज तालुका कृषी कार्यालयाला द्या: हट्टा महसूल मंडळाचे उंबरठा उत्पादन, चालू हंगामातील कापणी प्रयोगांच्या नोंदी आणि काढलेली सरासरी. ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. खासगी कंपनीकडे असा अर्ज चालत नाही, कृषी खात्याकडे चालतो.

आकडा चुकला, क्षेत्र कमी धरले, दुसऱ्याच्या नावावर विमा गेला, अशी तक्रार असेल तर पहिला फोन १४४४७ या कृषी रक्षक क्रमांकावर, पण त्याच दिवशी लेखी अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे आणि प्रत जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीला. बँकेने हप्ता कापला आणि पोर्टलवर भरलाच नाही, किंवा अर्ज भरणाऱ्या सेवा केंद्राने गट क्रमांक चुकवला, तर ज्याची चूक त्यानेच शेतकऱ्याचे नुकसान भरून द्यावे असे योजनेच्या सूचनांतच आहे. सेवा केंद्राला अर्जामागे ४० रुपये कंपनीकडून मिळतात. वर शंभर-दोनशे मागणाऱ्याला पावती मागावी.

समितीनेही ऐकले नाही तर उच्च न्यायालय आहे, आणि मराठवाड्याने ते करून दाखवले आहे. २०२० च्या खरिपात धाराशिव जिल्ह्यात सोयाबीन अतिवृष्टीत गेले. ७२ तासांत सूचना दिली नाही, एवढ्यावरून बजाज अलायन्झने लाखो शेतकऱ्यांना भरपाई नाकारली. मे २०२२ मध्ये औरंगाबाद खंडपीठाने साडेतीन लाखांहून अधिक शेतकऱ्यांना सहा आठवड्यांत भरपाई देण्याचा आदेश दिला. कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली, तेव्हा तिला आधी २०० कोटी रुपये जमा करायला सांगितले गेले. हे शेतकरी एकेकटे गेले असते तर वकिलाच्या फीतच विमा संपला असता. आपल्या मंडळाचाही प्रश्न सगळ्यांचा मिळून असतो, अर्जही तसाच सामूहिक असावा.

जो विमा नाहीच

काही गोष्टींना लोक विमा म्हणतात, कागदावर त्या विमा नसतात. अतिवृष्टीनंतर तलाठी पंचनामा करतो आणि खात्यावर पैसे येतात, ते महसूल खात्याचे अनुदान. ते मिळाले म्हणून पीकविमा मिळेलच असे नाही आणि पीकविमा मिळाला म्हणून ते बुडतही नाही. पंचनाम्याची प्रत मात्र जपून ठेवा, पुढच्या वादात ती कामी येते.

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत एके काळी विमा कंपनी असायची आणि दावे वर्षानुवर्षे लोंबकळायचे. एप्रिल २०२३ पासून राज्य सरकारने कंपनीला बाजूला केले. वीज पडून, साप चावून, रस्त्यावर किंवा विहिरीत पडून शेतकरी किंवा घरातला एक सदस्य गेला तर २ लाख रुपयांचे सानुग्रह अनुदान मिळते, वय १० ते ७५. अर्ज ३० दिवसांत वसमतच्या तालुका कृषी अधिकाऱ्याकडे द्यायचा, मंजुरी तहसीलदारांच्या समितीकडे. दुःखाच्या घरात हे तीस दिवस कुणाच्या ध्यानात राहत नाहीत. शेजाऱ्यांनी किंवा सरपंचांनी लक्ष घालावे.

याउलट बँकेतून वर्षाला २० आणि ४३६ रुपये कापून जाणाऱ्या पंतप्रधान सुरक्षा आणि जीवन ज्योती या दोन योजना खऱ्या विमा पॉलिसी आहेत. तिथे दावा अडला तर वर सांगितलेली कंपनी, विमा भरोसा, लोकपाल ही सगळी वाट खुली आहे. गेलेल्या माणसाच्या पासबुकात या दोन नोंदी शोधणे हे दहाव्याच्या आधी करायचे काम आहे. अनेक घरांना दोन लाखांचा विमा होता हेच कळत नाही.

एक फोन मात्र ओळखायला शिका. ‘इर्डामधून बोलतोय, तुमच्या जुन्या पॉलिसीवर बोनस मंजूर झालाय, प्रक्रियेसाठी इतके भरा.’ प्राधिकरण कुणालाही फोन करून पॉलिसी विकत नाही, बोनस वाटत नाही, पैसे मागत नाही. असा फोन करणाऱ्याला पॉलिसी क्रमांक आणि वारसाचे नाव माहीत असते, म्हणून माणूस फसतो. पैसे गेले असतील तर आधी १९३० वर कळवा, पहिल्या काही तासांत रक्कम गोठवता येऊ शकते. मग फोन नंबर, तारीख आणि व्यवहाराचा क्रमांक घेऊन हट्टा पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि शिक्का मारलेली प्रत घेऊनच बाहेर पडा.